पाठकोरे कागद

माझी लिहिण्याची पहिली वही विकत आणलेली नव्हती. माझे वडील, अण्णा, वाईतल्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. संध्याकाळी घरी येताना सायकलच्या कॅरिअरला कागदांची एक गुंडाळी अडकवलेली असायची. ती प्रुफं. तपासून झालेली, दुरुस्त्या खिळ्यांत उतरलेली, म्हणजे छापखान्याच्या लेखी काम संपलेली. एका बाजूला लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, सप्ताहाचं हस्तपत्रक, एखाद्या वेळी कवितासंग्रहाचं पान. दुसरी बाजू कोरी. अशा कागदांना आमच्याकडे पाठकोरे म्हणत. आई त्यांवर वाण्याची यादी करायची, भाऊ गणितं सोडवायचा आणि मी पुस्तकांतले उतारे उतरवून घ्यायचे.

उतरवून घ्यायचे, कारण पुस्तक परत करायचं असे. गावातल्या वाचनालयाला तेव्हा एक लाकडी खिडकी होती. आत कपाटं, बाहेर आम्ही. यादीतून क्रमांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहून आत सरकवायचा आणि वाट बघायची. आतून पुस्तक येई ते बहुधा तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, कण्यावर पांढऱ्या शाईनं आकडा लिहिलेला. जुन्या पुस्तकाला पंधरा दिवस, नव्याला सात. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का उठला की मोजणी सुरू. घरी विकत घेतलेली पुस्तकं म्हणजे पंचांग, आजीच्या पोथ्या आणि शाळेची क्रमिक. त्यामुळे जे आवडलं ते सोडून द्यायचं, नाहीतर लिहून ठेवायचं, एवढे दोनच रस्ते होते. मी लिहून ठेवलं. वयाच्या अकराव्या वर्षापासून कॉलेजसाठी गाव सोडेपर्यंत ते काम चाललं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी अशी जवळजवळ निम्मी उतरवली होती. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'तले आख्खे महिने. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तले प्रसंग. काही शिकायचं म्हणून हे केलं नव्हतं. पुस्तक हातून जाणार याचं दुःख होतं, एवढंच. पण हात शिकत होता. डोळा वाक्यावरून घसरत पुढे जातो, हाताला तसं जाता येत नाही. माडगूळकर कुठे थांबतात, विशेषण लावायच्या ऐवजी मेंढरांचा वास कसा आणून ठेवतात, हे मला वाचताना कळलं नव्हतं. लिहिताना कळलं, कारण वाक्य माझ्या अपेक्षेच्या आधीच संपायचं आणि पेन हवेत राहायचं. दुर्गाबाईंकडे उलट. तिथे झाडाचं नाव येतं, मग पानाचा रंग, मग त्या रंगातला फरक, आणि वाक्य मोडत नाही. ते उतरवताना मनगट दुखायचं. आज मला कुणी विचारलं की लिहायला कुठे शिकलात, तर मी त्या दुखऱ्या मनगटाचं नाव सांगेन.

अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचं आयुष्यच दुसऱ्याची वाक्यं हातानं जुळवण्यात गेलं. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन छापखान्यात जायचे. दारातच शाईचा आणि रॉकेलचा वास. भिंतीला तिरक्या लावलेल्या केसा, केसेत खण, खणात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. इंग्रजीचं काम दोन केसांत भागतं. मराठीला त्याच्या कितीतरी पट खण लागायचे, कारण काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळ्यांची घरं वेगळी. अण्णा डाव्या हातात जुळणीची स्टिक धरून उजव्या हातानं खिळा उचलत तेव्हा केसेकडे बघतही नसत. नजर हस्तलिखितावर. अक्षरं स्टिकमध्ये उलटी बसत जात आणि ते ती उलटीच वाचत, आपण वर्तमानपत्र वाचावं इतक्या सहज. मग ओळी गॅलीत, गॅली सुतळीनं बांधलेली, वर शाईचा रूळ, त्यावर ओलसर कागद, आणि उचलला की पहिलं प्रूफ. तोपर्यंत जे फक्त शिसं होतं ते वाचता यायला लागायचं. हा क्षण मी शंभरदा तरी पाहिला असेल. त्याची सवय मला कधी झाली नाही.

पुस्तकाची सोळा पानं म्हणजे एक फर्मा. एका फर्म्याचे खिळे छापून झाले की ते पुन्हा आपापल्या खणात जायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच वापरायचे असत. छोट्या छापखान्याला सबंध पुस्तक एका वेळी उभं करण्याइतका टाइप परवडत नव्हता. म्हणजे एखाद्या कादंबरीच्या सतराव्या पानावर जो 'म' असायचा, तोच तेहेतिसाव्या पानावर दुसऱ्या कुठल्या शब्दात परत यायचा. जुनं पुस्तक हातात आलं की सतराव्या, तेहेतिसाव्या, एकोणपन्नासाव्या पानाच्या तळाशी बघा. बारीक अक्षरांत फर्म्याचा आकडा पुष्कळदा सापडतो. तो वाचकासाठी नसतो, बांधणाऱ्यासाठी असतो. मला मात्र तो दिसला की कुणीतरी तिथे थांबून, सोळा पानांचं शिसं सोडवून, पुन्हा पहिल्यापासून उभं राहिल्यासारखं वाटतं.

गद्याची पारख अण्णा हातानं करत. एखाद्या लेखकाचं हस्तलिखित जुळवताना ते म्हणायचे, "हे हाताला जड जातंय." विषय जड आहे असं त्यांना म्हणायचं नसे. शब्द जास्त आहेत, एवढाच अर्थ. प्रत्येक निरर्थक शब्दाचे खिळे त्यांना उचलावे लागत आणि नंतर परत जागच्या जागी टाकावे लागत. संपादनाचे इतके वर्ग झाले, कार्यशाळा झाल्या. याहून नेमकी कसोटी माझ्या ऐकण्यात आलेली नाही.

घरात वाचनाची आणखी एक तऱ्हा होती, ती आजीची. आजीला अक्षरओळख नव्हती. श्रावणात ती माझ्याकडून 'हरिविजय' वाचून घ्यायची. पाटावर पोथी, शेजारी निरांजन, समोर आळीतल्या चार बायका. आडवी, सुटी पानं. वाचून झालेलं पान उचलून पालथं घालायचं. मी एखादी ओवी घाईनं वाचली, शब्द गिळला, की डोळे मिटून बसलेली आजी तिथेच थांबवायची आणि तो शब्द सांगायची. तिच्यापाशी पुस्तक होतं, फक्त ते कागदावर नव्हतं. बहिणाबाई चौधरींचं नाव मी पुढे ऐकलं तेव्हा मला आजीच आठवली. बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर आलेल्या त्यांच्या ओळी घरच्या लिहित्या हातांनी टिपून ठेवल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाई आदल्या वर्षीच, डिसेंबर १९५१ मध्ये, गेल्या होत्या. ते कागद कुणी लिहिलेच नसते तर? या प्रश्नाशी मी अनेकदा अडखळते. छापील पुस्तकाच्या मागे नेहमी असा एक साधा कागद असतो, कुणीतरी वेळेवर लिहिलेला.

माझ्या कागदांची गोष्ट सांगायची तर मुंबईत यावं लागेल. लग्नानंतर आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी आपल्या घरापासून किती जवळ आहे, हे आमच्यातल्या कित्येकांना त्या दुपारी प्रथमच कळलं. पाणी दारातून आलं नाही, मोरीतून आलं, आणि बघता बघता पलंगाला लागलं. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. दुसऱ्या दिवशी खाली उतरलो तेव्हा पुस्तकांच्या कपाटाचे खालचे तीन खण चिखलात होते. भिजलेली पुस्तकं फुगतात. फुगून एकमेकांत इतकी गच्च बसतात की ओढली तरी निघत नाहीत, कपाटाची फळीच काढावी लागते.

सर्वांत खालच्या खणात, पत्र्याच्या ट्रंकेत, माझे पाठकोरे कागद होते. एकशे बारा. ट्रंकेत पाणी शिरलं होतं. मी एकेक कागद सोडवून दोरीवर, खुर्च्यांच्या पाठींवर, पंख्याखाली वाळत घातला. वाळले. आणि तेव्हा दिसलं की माझी बाजू गेली आहे. मी फाउंटन पेननं लिहायचे. ती निळी शाई पाण्यात विरघळणारी. बहुतेक कागदांवर फिकट आभाळासारखा डाग उरला होता, कुठे कुठे एखादी वेलांटी. पण कागद उलटला की छपाई जशीच्या तशी. छपाईची शाई तेलात खललेली असते, जवसाच्या उकळलेल्या तेलात काजळी. पाण्याला ती दाद देत नाही. चिरंजीव अमुक आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक यांचा विवाह ठळक वाचता येत होता. पतसंस्थेचा ताळेबंद वाचता येत होता. समासात अण्णांनी शिसपेन्सिलीनं केलेल्या खुणाही होत्या, कारण शिसपेन्सिलही पाण्यात विरघळत नाही. 'बनगरवाडी' धुऊन गेली होती.

मी तेव्हा चाळीस वर्षांची होते आणि रडले. नंतर ते कागद जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा ट्रंकेत ठेवून दिले. टाकायचा विचार एकदाही आला नाही.

त्या दिवसांत मला बाबासाहेब आंबेडकरांच्या पुस्तकांची फार आठवण होई. माझ्या एका ट्रंकेची त्यांच्या ग्रंथसंग्रहाशी तुलना करायची नाही, तशी ती होणारही नाही. पण दुःखात माणूस आपल्याहून मोठ्या माणसाचं दुःख शोधतो. न्यूयॉर्कमध्ये शिकताना तुटपुंज्या पैशांतून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरून त्यांनी सुमारे २००० पुस्तकं जमवली होती. त्यांतली सगळी मायदेशी पोहोचली नाहीत. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचं सामान ज्या बोटीवर होतं ती पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. पहिलं महायुद्ध चालू होतं. आणि या माणसानं पुन्हा पहिल्यापासून पुस्तकं गोळा केली. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं तेव्हा पुस्तकांसाठी घर कसं असावं याचा विचार आधी झाला. या सगळ्याची सुरुवात कुठे झाली हे मला त्याहून जवळचं वाटतं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता. मराठीत लिहिलेलं, मुंबईत छापलेलं एक पुस्तक एका शिक्षकानं एका विद्यार्थ्याच्या हातात ठेवलं. पुढे १९५६ मध्ये नागपूरला काय घडलं ते सर्वांना ठाऊक आहे. एका प्रतीचं आयुष्य इतकं लांब असू शकतं.

अण्णा गेले २०१२ साली. त्याच्या कितीतरी आधी छापखाना बंद झाला होता. ऑफसेट आली, संगणकावर जुळणी आली, खिळे किलोच्या भावानं वितळवायला गेले. दिवसकार्य उरकल्यावर घर आवरताना त्यांच्या पेटीत एक स्टिक मिळाली, पितळी पट्टीची, बोटांच्या जागी झिजलेली. ती मी मुंबईला आणली आणि ट्रंकेत कागदांवर ठेवायला गेले. कागद पुन्हा हातात आले. त्या रात्री ठरवलं की जे धुऊन गेलं ते शोधायचं. कुठल्या पुस्तकातले उतारे होते ते फिकट डागांवरून, उरलेल्या मात्रा-वेलांट्यांवरून, आठवणीवरून ओळखायचं. ती पुस्तकं, शक्यतो त्याच जुन्या आवृत्त्या, गाठायच्या आणि ते उतारे पुन्हा उतरवायचे. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांत, हे काम आजवर चालू आहे.

या शोधात मला सगळ्यांत मोठी साथ झाली ती शंकर गणेश दाते यांची, म्हणजे त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ची. १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची ही सूची १९४३ साली निघाली आणि १९३८ ते १९५० या काळातल्या पुस्तकांचा दुसरा खंड १९६१ साली. दात्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं गावोगावच्या ग्रंथालयांत पुस्तकं हाताळत, नोंदी करत घालवली. सूची वाचायची गोष्ट नाही असं म्हणतात. मी ती कादंबरीसारखी वाचली आहे. लेखक, शीर्षक, साल, पानं, किंमत. आज जी पुस्तकं कुणाला आठवत नाहीत, ज्यांचे लेखक कुणाला आठवत नाहीत, त्यांचीही पानं इथे कुणीतरी मोजून ठेवली आहेत. पुस्तकावरचं प्रेम पुष्कळ लोक बोलून दाखवतात. दात्यांनी ते मोजून दाखवलं.

सूचीतली पुस्तकं शोधायची ती जुन्या ग्रंथालयांत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी. पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक कुठेतरी एका ठिकाणी असावं, ही हौस धरणारी ही माणसं पगारी नव्हती. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ इतकं जुनं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. जुन्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसलं की माझ्या गावची ती लाकडी खिडकी एकटी नव्हती हे कळतं. तशा कितीतरी खिडक्यांपाशी दोन पिढ्यांनी वाट बघितली.

शोधाच्या मधल्या एका टप्प्यावर मी मूळ कामापासून थोडी भरकटले, पण ते भरकटणं मला मोलाचं वाटतं. शाईमुळे. माझी शाई का गेली आणि अण्णांची का राहिली, या प्रश्नापासून मी अ. का. प्रियोळकरांच्या १९५८ सालच्या मुद्रणकलेच्या इतिहासापर्यंत पोहोचले. प्रियोळकर मूळचे गोव्यातल्या प्रियोळचे; आणि आपल्याकडचा पहिला छापखानाही गोव्यातच उतरला, १५५६ साली. तो खरं तर ॲबिसिनियाला जायचा होता, इथेच राहिला. पुढे १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' तिथे मराठीत छापलं गेलं, पण रोमन लिपीत. आपली अक्षरं यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती.

आणि ती कुठून आली? हे वाचताना मी अक्षरशः उठून बसले. वाईच्या वेशीवर मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा, घाट, ती मोठी घंटा. शाळेच्या सहलीला आम्ही चालत जायचो. या नानांनी पुण्यात एका तांबटाकडून गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यायला सुरुवात केली होती, छापण्यासाठी. १८०० मध्ये नाना वारले, काम अर्धं राहिलं. तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली मिरजेत ती गीता छापून निघाली. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला कॅरींचं मराठी व्याकरण छापलं जात होतं. एकीकडे मिशनरी, एकीकडे तांबट. त्या तांबटाला प्रत्येक अक्षर उलटं कोरावं लागलं असणार. उलटी अक्षरं सरळ वाचणारा माणूस मी घरात पाहिला होता, म्हणून मला तो दिसला.

पुढची शाई गणपत कृष्णाजींची. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करून ते ही विद्या शिकले, स्वतःचा शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ साली मराठीतलं पहिलं छापील पंचांग काढलं. तोवर जोशी पंचांगं हातानं लिहीत. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून छापलेला ग्रंथ सोवळ्याला चालणार नाही, अशी तेव्हाच्या कर्मठांची हरकत होती. गणपत कृष्णाजींनी चरबीच्या जागी तूप वापरून शाई केली, असं सांगतात. आजीच्या 'हरिविजया'ला देवघरात जागा मिळाली ती या तुपामुळे. नंतर जावजी दादाजी आले. लहानपणी याच मिशनच्या छापखान्यात खिळे घासायचं काम करणारा हा मुलगा. १८६४ साली त्यांनी टाइपाचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्या अक्षरांचे ठसे कोरले राणोजी रावजी आरू यांनी. निर्णयसागरचं जुनं पुस्तक मिळालं तर भिंगाखाली एखादा 'क्ष' किंवा 'ज्ञ' बघा. त्याचा डौल लेखणीचा आहे, बोरूनं काढावा तसा. पण तो पोलादात कोरलाय. आरूंचं नाव पाठ्यपुस्तकात नाही. ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं. आपण ज्याच्या अक्षरांत शंभर वर्षं वाचलं तो माणूस आपल्याला माहीत नसावा?

हा लेख तुम्ही वाचताय तो दिवाळी अंकही याच साखळीतला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. आमच्याकडे फराळाच्या डब्याबरोबर वाचनालयातून अंक यायचे, एका कुटुंबाला एका वेळी एक, मुदत चार दिवस. आळीतली चार घरं मिळून ते फिरवायची. पानांना बेसनाची बोटं लागलेली असायची. त्या तेलकट डागावरून आपल्या आधी अंक कुणाच्या घरी होता हे ओळखता यायचं.

गेल्या मे महिन्यात वाईहून पसरणीचा घाट चढून भिलारला गेले. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं आहे. पंचवीस ठिकाणी, घरांच्या ओसऱ्यांवर, देवळात, शाळेत, सुमारे १५,००० पुस्तकं मांडून सुरुवात झाली. एका घरात आत्मचरित्रं, एकात कादंबऱ्या, एकात संतवाङ्मय. कुणीही यावं, बसावं, वाचावं. मी एका ओसरीवर बसले. आतून फोडणीचा वास येत होता, घरातली सून मधूनच बाहेर येऊन तांब्याभर पाणी ठेवून गेली. कपाटाला खिडकी नव्हती, चिठ्ठी नव्हती, मुदत नव्हती. हाताला येईल ते काढता येत होतं. शेजारी दहाबारा वर्षांची एक मुलगी पालथी पडून वाचत होती, पाय हवेत. तिला काही विचारावं असं वाटलं, पण वाचणाऱ्याला हाक मारू नये हा आमच्या घरचा नियम होता. मी माझे कागद काढले आणि 'स्मृतिचित्रां'तला जो प्रसंग विहिरीच्या पाण्यासारखा निळा होऊन गेला होता तो पुन्हा लिहायला घेतला. या वेळी पेन्सिलीनं.

मी मोबाइलवरही वाचते, रोज वाचते. गावाकडच्या मैत्रिणीचा लेख तिथेच पहिल्यांदा मिळतो. पण उतरवून घ्यावंसं वाटतं ते फक्त कागदावरचं. पडद्यावरचं जाणार नाही अशी खात्री असते म्हणून असेल. किंवा पुस्तकात ओळीला जागा असते म्हणून. डाव्या पानावर, तळापासून तिसरी ओळ, शेजारी कुणीतरी शाईनं केलेली बारीक फुली. चाळीस वर्षांपूर्वी वाचलेली ओळ मी आजही आधी जागेवरून शोधते आणि मग शब्दांवरून.

आतापर्यंत एकशे बारांपैकी सदुसष्ट कागद ओळखता आले. बाकीच्यांचा माग लागत नाही. काहींचा कागद एवढा जुना, भुसभुशीत आहे की हात लावला की कोपरा गळतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आतल्या आम्लानंच जळत जातो. मेणवलीच्या दप्तरासारखे हातकागदावरचे मोडी रुमाल दोनशे वर्षांनी उलगडतात आणि १९७५ सालचं प्रूफ मोडतं. म्हणून या पावसाळ्याआधी मी तो गठ्ठा घेऊन एका बांधणीवाल्याकडे गेले. जुन्या पद्धतीनं जुजबंदी करणारे आता थोडेच उरलेत. बोळातली खोली, एका कोपऱ्यात खळीचं पातेलं, मैद्यात मोरचूद घातलेलं, कसर लागू नये म्हणून. भिंतीशी शिकंजा. सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, कडांवरून अंगठा फिरवला, एक कागद उजेडात धरला. सुटे कागद शिवता येत नाहीत, प्रत्येकाला पट्टी लावून जोड्या कराव्या लागतील, म्हणाले. कडा कापू नका, मी सांगितलं, समासात खुणा आहेत. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले. एका बाजूला लग्नपत्रिका, ताळेबंद, सप्ताह. दुसऱ्या बाजूला निळे डाग आणि त्यांवर माझी नवी पेन्सिल.

"ताई, यातली सरळ बाजू कुठली?" त्यांनी विचारलं. "पाठ आत जाते. म्हणून विचारतो."

मला लगेच सांगता आलं नाही. त्यांनी घाई केली नाही. कागद तसेच मांडीवर ठेवून ते सुईत दोरा ओवू लागले, दोऱ्याला मेण लावलं, आणि मी एकेक कागद घेऊन बघायला बसले.